डॅट कॅसेटी कॉम्प्युटरवर घेताना टक-टक आणि चढलेला सूर : दोष क्लॉकचा की रेटचा?

गोंधळी_धाराशिव

मंडळी, रामराम.

तुळजापूर-नळदुर्ग भागातल्या गोंधळाच्या आणि भारुडांच्या २६ डॅट (डिजिटल ऑडिओ टेप) कॅसेटी आहेत. मधे ॲनालॉग न आणता, डिजिटलमधूनच त्या कॉम्प्युटरवर घ्यायच्या आहेत. डेकला मागं ऑप्टिकल आणि कोॲक्स दोन्ही आउट आहेत, यूएसबी इंटरफेसला दोन्ही इन. विंडोज आणि ऑडॅसिटी. अडचणी अशा :

ऑप्टिकल लावली तर काहीच येत नाही, इंटरफेसवरची लॉकची लाइट नुसती लुकलुकते. वायर बदलली, टोकाला लाल उजेड दिसतो.

कोॲक्स लावली तर आवाज स्वच्छ, पण साधारण साडेचार सेकंदांनी एक बारीक 'टक'. घड्याळ लावून मोजलं, नेमानं येते. तेव्हा क्लॉक, म्हणजे सॅम्पलची चाल ठरवणारं घड्याळ, इंटरनल (इंटरफेसचं स्वतःचं) होतं, ४८ किलोहर्ट्झवर. कॅसेटही ४८ चीच होती.

क्लॉक एसपीडीआयएफवर, म्हणजे डेककडून येणाऱ्या डिजिटल सिग्नलवर, केलं तर टक गेली. पण आता सात-आठ कॅसेटींचा सूर थोडा चढतोय आणि दोन कॅसेटींचा तर इतका, की संबळ म्हणजे डबडं वाजतंय. डेकच्या हेडफोनला मात्र सगळ्या बरोबर वाजतात.

दुकानदार म्हणतो, सॅम्पल रेट कन्व्हर्टरचा डबा घ्या, सगळं मिटेल. घ्यावा का?


लातूर_७५ओहम

डब्याचे पैसे सध्या खिशातच राहू द्या. तुम्ही तीन वेगळी दुखणी एका पोत्यात घातली आहेत.

पहिलं ऑप्टिकलचं. टॉसलिंकचं (ऑप्टिकल वायरीचं) भोक एकच असतं, पण त्यातून दोन वेगळ्या भाषा जातात. एक एसपीडीआयएफ, दोन चॅनलची. दुसरी ॲडॅट, अलेसिसची, ४८ किलोहर्ट्झला आठ चॅनल नेणारी. ४८ ला एसपीडीआयएफ सेकंदाला ३.०७२ मेगाबिट पाठवतं, ॲडॅट १२.२८८. तुमच्या इंटरफेसचं ऑप्टिकल इन बहुतेक ॲडॅटवर बसलंय, त्यामुळं लाल उजेड पोचतो पण मजकूर कळत नाही. ड्रायव्हरच्या पॅनेलमध्ये ऑप्टिकलसमोर ॲडॅट किंवा एसपीडीआयएफ असा पर्याय असतो, तो बदला. वायरीला दोष देऊ नका.

दुसरं टक-टकीचं. डेकमध्ये एक स्फटिक आहे, इंटरफेसमध्ये दुसरा. दोन्ही ४८,००० म्हणतात, पण तंतोतंत कुणीच नसतो. साडेचार सेकंदांत २,१६,००० सॅम्पल होतात. तेवढ्यात एक सॅम्पल कमी किंवा जास्त पडतं, म्हणजे दोघांत सुमारे ४.६ पीपीएमचा (दहा लाखांत ४.६) फरक. स्फटिकांच्या मानानं हा फरक काहीच नाही, पण टक ऐकू येतेच. ओळखायची खूण हीच : टक नेमानं येत असेल तर दोष क्लॉकचा, अधूनमधून कशीही येत असेल तर यूएसबीचा बफर, वायर, नाहीतर डेकचं घाणेरडं हेड. घरगुती डेकला वर्डक्लॉकचं (बाहेरचं घड्याळ जोडायचं) इन नसतं, त्यामुळं वाजवताना मालक डेकच राहणार आणि इंटरफेसनं त्याच्या मागं चालायचं. क्लॉक एसपीडीआयएफवर ठेवलंत ते बरोबर, ते परत इंटरनलवर नेऊ नका.

तिसरं सूर चढायचं, आणि खरी गंमत इथं आहे. डॅटवर तीन रेट सापडतात : ४८, ४४.१ आणि ३२. इंटरफेस आता डेकच्या चालीनं चालतोय, पण विंडोजला आणि ऑडॅसिटीला अजून वाटतंय की ४८ चालू आहे. एसपीडीआयएफच्या प्रवाहात आवाजाबरोबर चॅनल स्टेटसचे बिट येतात, १९२ फ्रेमचा एक ब्लॉक, त्यातल्या २४ ते २७ क्रमांकाच्या बिटांत रेट लिहिलेला असतो. काही ड्रायव्हर तो वाचून स्वतः बदलतात, काही गप्प बसतात. तुमचा गप्प बसणारा दिसतो. मग ४४.१ नं आलेले आकडे फाइलीवर ४८ चं लेबल लावून साठवले जातात. वाजवताना ते ८.८ टक्के वेगानं धावतात आणि सूर पेटीच्या जवळपास दीड पट्टीनं (दीड सेमिटोन) चढतो. काळी चारचं पद असेल तर ते पांढरी सहा आणि काळी पाच यांच्या मधोमध लोंबकळतं, पेटीवर कुठंच बसत नाही. तासाभराची कॅसेट ५५ मिनिटं ७ सेकंदांत संपते.

त्या दोन कॅसेटी ३२ च्या, म्हणजे लाँग प्लेच्या असाव्यात. ४८ भागिले ३२ बरोबर दीड. दीडपट म्हणजे शुद्ध पंचम. सा लावला की प ऐकू येईल. तंबोऱ्याचं ॲप लावून बघा.

चांगली बातमी अशी की यात आवाज बिघडलेला नाही. आकडे सगळे जागेवर आहेत, चुकलंय ते फक्त लेबल. ऑडॅसिटीत ट्रॅकच्या नावावर टिचकी मारून रेटमध्ये ४४,१०० किंवा ३२,००० निवडा, सूर जागेवर येईल. इथं मेनूतलं रीसॅम्पल वापरायचं नाही. ते नवीन आकडे मोजून काढतं. तुम्हाला नुसती पाटी बदलायची आहे.


नांदेड_लाइव्हसाउंड

एवढा खटाटोप कशाला राव? कन्व्हर्टर असलेला डबा मधे टाका, आत काहीही येऊ द्या, बाहेर ४८ च निघणार. बेरिंगरचा एसआरसी-२४९६ असेल, नाहीतर आतमध्ये सिरस लॉजिकची सीएस-८४२१ किंवा टेक्सासची एसआरसी-४३९२ चिप असलेला कुठलाही. सप्ताहात कन्सोल ४८ वर, लॅपटॉपवरची गाणी ४४.१, बाजूला कुणाचा तरी सीडी प्लेअर. अशा वेळी इनपुटवरचं कन्व्हर्जन चालू केलं की कुणाचं क्लॉक काय, हा प्रश्नच उरत नाही. 


परभणी_बिटमोजणी

सप्ताहाच्या लाइव्हला तुमचं शंभर टक्के बरोबर, नांदेडकर. चार उपकरणं चार घड्याळांवर आणि एकालाही दुसऱ्याच्या मागं लावता येत नाही, तेव्हा कन्व्हर्टरला पर्याय नाही. पण इथं जतन करायचंय, आणि कॅसेट कदाचित पुन्हा वाजणार नाही.

हार्डवेअरमधला कन्व्हर्टर असिंक्रोनस असतो. येणाऱ्या आणि जाणाऱ्या क्लॉकचं गुणोत्तर तो क्षणोक्षणी मोजतो आणि त्यावरून नवीन सॅम्पल काढतो. आजच्या चिप हे फार चांगलं करतात, कानाला फरक कळणार नाही. पण डेकच्या क्लॉकचा जो थोडा कंप फिल्टरमधून सुटतो, तो आकड्यांत मुरतो आणि मग काढता येत नाही. दुसरं म्हणजे तीच कॅसेट दोनदा घेतली तर दोन वेगळ्या फाइली येतात. मग खरी प्रत कोणती, हे ताडून बघायला काहीच उरत नाही.

थेट घेतलेल्या प्रतीत मात्र ताडून बघता येतं. दोन तपासण्या सांगतो.

डॅट १६ बिटांचं आहे. तुम्ही २४ बिटांत रेकॉर्ड करा आणि बिटमीटर लावा. खालचे ८ बिट पूर्ण शून्य दिसले पाहिजेत. ते हलत असतील तर वाटेत कुणीतरी हात लावलाय : इंटरफेसच्या मिक्सरचा फेडर ०.० वर नाही, विंडोजचा व्हॉल्यूम १०० वर नाही, किंवा विंडोज गुपचूप रेट बदलतंय. साउंडच्या पॅनेलमध्ये रेकॉर्डिंग, मग तुमचं उपकरण, मग ॲडव्हान्स्ड, तिथला डिफॉल्ट फॉरमॅट कॅसेटच्या रेटइतकाच ठेवा. सगळ्यात बरं म्हणजे एएसआयओ चालणारं सॉफ्टवेअर घ्या, उदाहरणार्थ रीपर. मग विंडोजचा मिक्सर वाटेतच येत नाही.

दुसरी तपासणी : दोन मिनिटांचा तोच तुकडा दोनदा घ्या, सॅम्पलला सॅम्पल जुळवा, एकाचं अधिक-उणे उलटं करा (इन्व्हर्ट, रिव्हर्स नव्हे) आणि दोन्ही मिळवा. पूर्ण शांतता आली पाहिजे. अगदी बारीक का होईना, सतत खसखस राहिली तर रेट बदलला जातोय. मधेच एखाद-दोन ठिकाणी फटका दिसला आणि बाकी शांत असेल, तर डेकला तिथं टेप नीट वाचता आली नाही आणि त्यानं अंदाजानं सॅम्पल भरलं. आधी हेड साफ करा, मग पुन्हा घ्या. आपल्याकडच्या उन्हाळ्यातल्या धुळीत हे हमखास होतं.

ऑडॅसिटीतच राहणार असाल तर प्रेफरन्सेसमध्ये डिदर 'नन' करा. नाहीतर १६ बिटांत एक्सपोर्ट करताना ते स्वतःची खसखस मिसळतं, आणि मग म्हणाल की परभणीवाल्यानं फसवलं.


गोंधळी_धाराशिव

ऑप्टिकल एसपीडीआयएफवर केली, लगेच लॉक झालं. लेबल ३२,००० केलं आणि तुणतुणं जागेवर आलं. पंचमाचं एकदम बरोबर निघालं, लातूरकर.

आता तीन गोष्टी. एक, एका कॅसेटमध्ये निम्म्यावर सूर बदलतो, आधी बरोबर आणि मग चढलेला. दोन, चार कॅसेटींना डेकवर 'एम्फसिस' अशी अक्षरं पेटतात आणि कॉम्प्युटरवर टाळ-झांजा कान फाडतात. हेडफोनला तसं नाही. तीन, शेवटी सगळं एका रेटला आणावंच लागेल, ते कोणत्या?


लातूर_७५ओहम

एकाचं उत्तर : त्या कॅसेटवर दोन रेटची रेकॉर्डिंग आहेत. जिथं रेट बदलतो तिथं डेक क्षणभर आवाज बंद करतो, इंटरफेसचा लॉक सुटतो, पुन्हा बसतो, आणि सॉफ्टवेअर बिचारं एकच फाइल लिहीत राहतं. फाइल तिथं तोडा आणि दोन्ही तुकड्यांना वेगळी लेबलं लावा. तोडताना शांततेच्या मधोमध तोडा, कडेला चिकटून नको. लॉक बसतानाचे पहिले काही सॅम्पल कचरा असू शकतात.

याच कारणानं क्रम पाळा : आधी डेकवर प्ले, लॉक स्थिर झालेला बघायचा, मग रेकॉर्ड, मग कॅसेट मागं नेऊन पहिल्यापासून. काही डेक थांबले की डिजिटल आउटही बंद करतात. क्लॉक गेलं की काही ड्रायव्हर अख्खं सॉफ्टवेअर गोठवतात.

डेक यूपीएसवर ठेवा. वाजताना टेप फिरत्या ड्रमला गुंडाळलेली असते आणि लाइट गेली की तशीच अडकून राहते. भारनियमनाच्या वेळा बघूनच कॅसेट घाला. डिस्कवर जागा फार लागत नाही : ४८ ला १६ बिट स्टीरिओ तासाला ६९१ एमबी, आणि ३२ ची चार तासांची कॅसेट १.८४ जीबी.

वायरीबद्दल कुणी विचारलं नाही, तरी सांगतो. कोॲक्सचं एसपीडीआयएफ ७५ ओहमचं आहे, अर्ध्या व्होल्टचं. साधी ऑडिओची आरसीए वायर हातभर अंतराला चालून जाते, पाच मीटरला दगा देते. कारण तिचा इम्पीडन्स (ओहममधला विरोध) भलताच असतो आणि सिग्नल टोकावरून परत फिरतो. महागड्या वायरीची गरज नाही. गंजगोलाईच्या आसपास डिशचं सामान मिळतं तिथली आरजी-६ घ्या, ती ७५ ओहमचीच असते. दोन्ही टोकांना एफ-कनेक्टर आणि वर एफ ते आरसीए ॲडॅप्टर. ऑप्टिकल पाच मीटरच्या वर ओढू नका, कोपऱ्यात तंग वळवू नका, आणि रिकाम्या सॉकेटचं टोपण फेकू नका. ऑप्टिकलचा एक फायदा मात्र आहे : अर्थिंग जोडलं जात नाही, त्यामुळं जुन्या वायरिंगच्या घरात डेकची हम इंटरफेसच्या ॲनालॉग बाजूला शिरत नाही.


परभणी_बिटमोजणी

एम्फसिसचं मी सांगतो. रेकॉर्ड करताना तीव्र बाजू मुद्दाम उचललेली असते आणि वाजवताना डेक ती तेवढीच खाली दाबतो. वेळस्थिरांक ५० आणि १५ मायक्रोसेकंद, म्हणजे चढ ३.१८ किलोहर्ट्झपासून सुरू होतो आणि १०.६ च्या पुढं सपाट व्हायला लागतो. डेकचा हेडफोन ॲनालॉग आहे, तिथं दाबणी होते. डिजिटल आउटमधून मात्र उचललेलेच आकडे जातात, सोबत 'एम्फसिस आहे' असा एक बिट. वेव्ह फाइलमध्ये तो बिट ठेवायला जागाच नाही, तो वाटेत हरवतो. तुमच्या झांजा म्हणून कान फाडतात.

दाबायचं किती, ते आकडे : १ किलोहर्ट्झला ०.४ डीबी, ५ ला ४.५, १० ला ७.६, २० ला ९.५. कानानं ट्रेबल कमी करून हे बसत नाही, मधला भाग दबतो आणि वरचा तसाच राहतो. सॉक्स नावाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये डीएम्फ हा इफेक्ट नेमका याच कामाचा आहे. ऑडॅसिटीच्या फिल्टर कर्व्हमध्ये हे बिंदू टाकले तर उतार जमतो, फेज तंतोतंत जमत नाही.

मूळ फाइलीवर यातलं काही करू नका. मूळ फाइल म्हणजे कॅसेटच्या रेटला, १६ बिटांत, एम्फसिससकट, जशी आली तशी. नावातच लिहून ठेवा : कॅसेट क्रमांक, रेट, 'एम्फ'. दोन वर्षांनी कुणाच्या लक्षात राहत नाही.

ऐकायची प्रत वेगळी करा, आणि रेट बदलायचा तो फक्त तिथं, एकदाच. व्हिडिओला जोडायचं असेल तर ४८, सीडीसाठी ४४.१. ४८ चं ४४.१ करणं म्हणजे १६० सॅम्पलांच्या जागी १४७ बसवणं, आणि ते सॅम्पल नव्यानं मोजावे लागतात. २२.०५ किलोहर्ट्झच्या वर जे काही असेल ते आधी फिल्टरनं काढावं लागतं, नाहीतर ते दुमडून खाली येतं आणि झांजेत भलतेच स्वर मिसळतात. स्वस्त कन्व्हर्टर याच ठिकाणी कमी पडतो. सॉक्सचा 'व्हेरी हाय' किंवा रीपरमधला आर-एटब्रेन वापरा, दोन्ही उत्तम. सम पटीचा रेट असला तर आवाज चांगला येतो, ही समजूत सोडून द्या. फिल्टर नीट असेल तर १४७ आणि १६० चं प्रमाणही तितकंच स्वच्छ निघतं.

आणखी एक खड्डा : कन्व्हर्जनआधी फाइल १ ते २ डीबी खाली घ्या. संबळाचा फटका आधीच ०.० ला टेकलेला असेल तर फिल्टरनंतर त्याचं टोक ०.० च्या वर जातं आणि कापलं जातं. कन्व्हर्जनमधून निघालेले आकडे १६ बिटांत मावत नाहीत, तेव्हा २४ बिटांत ठेवा. १६ च हवं असेल तर शेवटी डिदर, तेही एकदाच. मगाशी डिदर बंद करायला सांगितलं ते मूळ प्रतीसाठी. इथं ते हवंच, कारण आता आकडे खरोखर गोल करायचे आहेत.

३२ च्या कॅसेटीत १६ किलोहर्ट्झच्या वर काहीच नाही. ४८ केल्यानं तिथं काही उगवणार नाही, फक्त बाकीच्यांबरोबर वाजेल. टेपवर त्या मोडमध्ये १२ बिट असतात, डेक ते पसरून १६ करून देतो. आवाज थोडा खरखरीत लागला तर तो मूळचाच.


नांदेड_लाइव्हसाउंड

मान्य, जतनाला डबा नको. पण एक भर घालतो. ३२ किलोहर्ट्झवर बरेच यूएसबी इंटरफेस लॉकच होत नाहीत, धाराशिवकरांचा होतो हे नशीब. ज्यांचा होत नाही त्यांना डब्याशिवाय वाट नाही. मग निदान आउटपुट २४ बिटांत घ्या आणि फाइलीच्या नावात 'एसआरसी' (सॅम्पल रेट कन्व्हर्टर) लिहा.

आणि कुणाकडं एक्सएलआरवाला स्टुडिओचा डेक असेल तर : तो एईएस-३. ११० ओहम, बॅलन्स्ड, २ ते ७ व्होल्ट. फ्रेमची रचना तीच, पण चॅनल स्टेटसचा पहिलाच बिट वेगळा, शून्य म्हणजे घरगुती आणि एक म्हणजे प्रोफेशनल. त्यापुढच्या बिटांचे अर्थही बदलतात. नुसती एक्सएलआर ते आरसीए वायर सोल्डर केली तर कधी चालतं, कधी अर्ध्या व्होल्टच्या इनपुटवर सात व्होल्ट पडतात. मधे ११० ते ७५ चा ट्रान्सफॉर्मर लावा.


गोंधळी_धाराशिव

शेवटचं एक. त्या दोन ३२ च्या कॅसेटींपैकी एकीवर 'एम्फसिस'पण पेटतं. सॉक्सचं डीएम्फ त्या फाइलीवर चालायला तयार नाही, एरर देतं.


परभणी_बिटमोजणी

ते फक्त ४४.१ आणि ४८ घेतं. आधी लेबल ३२,००० आहे ना ते बघा, मग लेव्हल २ डीबी खाली, मग रेट ४८, मग डीएम्फ. लेबल चुकून ४८ च राहिलं असेल तर एरर येणार नाही, पण दाबणी भलत्या जागी पडेल. ती फाइल आधी तंबोऱ्याला लावून बघा.